दाराचा आवाज

स्वतःचा आवाज टेम्पोतून ऐकू आला तेव्हा नंदू घाडी पिशवी धरून कोळणीपुढे उभा होता आणि त्याची बायको सुगंधा कोलंबी निवडत होती.

रविवारची सकाळ होती. कन्नमवार नगरचा बाजार भरलेला. टेम्पोवर दोन भोंगे बांधलेले, मागे कुठल्याशा मंचाचा बॅनर. असे टेम्पो विक्रोळीत नेहमीच फिरतात. कधी डेंग्यूचं सांगतात, कधी कुणा दादाच्या वाढदिवसाचं. कुणी मान वर करून बघत नाही. नंदूनेही बघितलं नव्हतं. पण आवाजाच्या धंद्यातला माणूस, कान आपोआप तिकडे गेला.

"बंधूंनो, भगिनींनो, मी रागावून सांगत नाही. मायेनं सांगतो."

बरा बोलतोय, नंदूला वाटलं. ओरडत नाहीये. कोण असेल हा?

"फळं घेताना नाव विचारा. बांगड्या भरताना नाव विचारा. नाव आपलं नसेल तर पुढे चला. ते आपले नव्हते. आपले होणारही नाहीत."

सुगंधाचा हात कोलंबीच्या वाट्यावर थांबला.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही कधी बोललात?"

"काय?"

"हे काय, टेम्पोत."

मग त्याला ऐकू आलं. आपल्यासारखा आवाज असलेला दुसरा कुणी नव्हता तो. तो स्वतःच होता. वाक्याच्या शेवटचा शब्द हळूच खाली उतरवायची त्याची लकब, 'माया' म्हणताना किंचित रेंगाळणारा 'मा', सगळं त्याचं. आणि हा त्याचा रोजचा, घरातला आवाज नव्हता. गेले काही महिने अंधेरीच्या स्टुडिओत जो आवाज त्याने कमावला होता, तो होता. दाराचा आवाज.

नंदूच्या हातातली पिशवी गळून पडली. तो गर्दीतून वाट काढत टेम्पोसमोर जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"हे कुणी दिलं तुला?"

"पेन ड्राइव्ह दिलाय ऑफिसातून. लावायचा नि फिरायचं. बाजूला व्हा ना, काका." मग ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "अरे, तुमचाच आवाज आहे की! सेम टू सेम. झकास बोललात हां."

आजूबाजूची दोन-चार माणसं वळली. मागच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ, ज्यांच्याशी नंदूची नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती, ते पुढे आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "घाडी, तुम्ही? मला वाटलंच. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. अभिनंदन!"

नंदूला हात सोडवून घेता येईना. टेम्पो पुढे सरकला आणि त्याचा आवाज मच्छीबाजाराच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला. ऐकू मात्र येतच राहिला.

*

नंदूचे वडील परळच्या गिरणीत होते. नंदू विक्रोळीच्या एका कारखान्यात लागला, तिथे कामगारांच्या नाटकांतून कामं केली, आणि कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा त्याच नाटकांच्या ओळखीवर अंधेरीला डबिंगमध्ये शिरला. हिंदी मालिका, दक्षिणेकडचे सिनेमे, सगळं मराठीत यायला लागलं होतं. नंदूने गुंडांचे उजवे हात केले, हवालदार केले, एक बोलणारं अस्वल केलं. नायक कधी वाट्याला आला नव्हता.

तो दिला गंधालीने. ती मालिकांचे संवाद मराठीत लिहायची आणि रेकॉर्डिंगही तीच बघायची. नंदूच्या निम्म्या वयाची.

"नंदूकाका, नव्या मालिकेत दारा शुकोह तुम्ही करायचा," ती म्हणाली.

"कोण दारा?"

काचेपलीकडे मशीनवर बसलेला मुनाफ परकार हसला. मुनाफ रेकॉर्डिस्ट. मूळ दापोलीकडचा, राहायला विक्रोळीच्या पार्कसाईटला. "औरंगजेब माहितीय ना, नंदूभाऊ? त्याचा मोठा भाऊ."

औरंगजेब कुणाला माहीत नसतो? चौथीपासून माहीत. पण त्याला मोठा भाऊ होता, तोच बापाचा लाडका आणि गादीचा वारस होता, आणि त्याने काशीहून पंडित बोलावून, त्यांच्यासोबत बसून संस्कृत ग्रंथ फारसीत आणले, हे नंदूला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. आमचे सूफी सांगतात आणि तुमचे ऋषी सांगतात त्यात फरक नाही, असं हा शहजादा लिहीत बसला. तोवर धाकट्याने फौज जमवली, लढाई जिंकली, भावाला धर्मबुडवा ठरवलं आणि मारून टाकलं.

"मग आम्हाला हा शिकवला का नाही कुणी?" नंदूने विचारलं.

"आम्हालाही एका ओळीत उरकला होता, काका," गंधाली म्हणाली.

मालिकेत एक प्रसंग होता. म्हातारा पंडित शहजाद्याला विचारतो, हे कशासाठी करता, तुमचे लोक रागावतील, आमचेही. आणि दारा म्हणतो, "हाका दोन आहेत, पंडितजी. ऐकणारा एकच आहे."

नंदूने पहिल्यांदा ती ओळ नाटकासारखी फेकली. गंधालीने थांबवलं. "शेवटच्या रांगेला नाही सांगायचंय, काका. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला सांगायचंय."

तीन-चार वेळा करूनही जमेना. घरी जाताना नंदू मुनाफच्या स्कूटरवर मागे बसायचा. लिंक रोडने दोघं विक्रोळीला उतरत आणि बऱ्याचदा नंदू आधी मुनाफकडे चहा प्यायचा. मुनाफची आई सत्तरीची, नंदू तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. भाजी निवडत बोलत बसायची. कुणाला रागावली तरी आवाज चढायचा नाही, उलट शेवटचा शब्द खाली जायचा, ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं. त्या दिवशी नंदू तिचं बोलणं नुसता ऐकत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ खालाच्या चालीवर म्हटली. गंधालीने पुढची ओळ काढली. मुनाफने फक्त काचेतून अंगठा वर केला. दाराचा आवाज नंदूला असा सापडला होता. खालाला त्याने हे कधी सांगितलं नाही, लाजला.

*

मुनाफ फोन उचलत नव्हता. सुगंधाला घरी सोडून नंदूने रिक्षा केली, पूल ओलांडला आणि पार्कसाईटच्या चढणीवर उतरला. मुनाफची गल्ली रविवार असूनही गप्प होती. कोपऱ्यावरचा केळीवाला जागेवर नव्हता, गाडी ताडपत्रीने झाकलेली होती.

दार लोटलेलं होतं, नेहमीसारखं. आतून खालाने विचारलं, "कोण?"

"खाला, मी," नंदू म्हणाला. "नंदू."

आत भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला. पावलं दारापर्यंत आली. फटीतून त्याला तिच्या ओढणीची कड दिसली. तो आणखी काही बोलणार होता.

"खाला, ऐका ना..."

दार बंद झालं. आतून कडी लागली.

नंदू तसाच उभा राहिला. बारा वर्षं तो त्या घरात जात होता. ईदला पहिला वाडगा त्याच्यासाठी काढून ठेवलेला असायचा. दाराकडे बघताना त्याला एक गोष्ट लखकन कळली. खालाने त्याला बघितलंच नव्हतं. नुसतं ऐकलं होतं. आपण आणखी जितकं बोलू तितकं ते दार घट्ट होत जाणार.

मुनाफ मागच्या जिन्याने उतरून आला आणि त्याला दंडाला धरून गल्लीबाहेर घेऊन गेला. झाकलेल्या केळीच्या गाडीपाशी तो थांबला.

"तो टेम्पो सकाळी इकडं दोनदा येऊन गेला," तो म्हणाला. "पहिल्यांदा आला तेव्हा अम्मा खिडकीत होती. मला म्हणाली, अरे, हा तुझा नंदू. मी म्हटलं, नाही गं. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी पण ऐकलं."

"मुनाफ, मी..."

"म्हटलंस का तू?"

"नाही रे! आईची शपथ, नाही!"

मुनाफने त्याच्याकडे बघितलं. मग खिशातून हेडफोन काढला, फोनवर कुणीतरी पाठवलेलं तेच भाषण लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. परत ऐकलं. मग हेडफोन उतरवला.

"श्वास नाहीये यात. तू लांब वाक्याआधी श्वास घेतोस, मी रोज तो कापतो. इथं कापायला काही नाहीच, कापल्याची खूणही नाही. कंप्युटरवर बनवलंय. तुझा आवाज दिला असेल नि त्याच्याकडून बोलून घेतलं असेल." तो थांबला. "सकाळपासून फोन घ्यायची हिंमत होत नव्हती. तू हो म्हणाला असतास तर?"

नंदूला रडू आलं. सुटल्याचं असेल, अपमानाचं असेल, त्यालाच कळलं नाही. पण मुनाफचं बोलणं संपलं नव्हतं.

"नंदूभाऊ, असं बनवायला नुसता स्वच्छ आवाज लागतो. मागं संगीत नको, दुसरं कुणी नको. मालिका तर अजून लागलीच नाहीये. तसा दाराचा आवाज फक्त माझ्या मशीनवर आहे. मी कुणाला दिला नाही." तो खाली बघत म्हणाला, "तुला दिला होता. गणपतीच्या आधी मागितला होतास."

नंदूला आठवलं. त्याच्या मुलाने मागितला होता. हर्षदने. 'बाबा, तुमचा नायक म्हणून पहिला रोल आहे, नुसता आवाज आणून द्या, मी मस्त व्हिडिओ बनवतो, लोकांना कळू दे तुम्ही काय चीज आहात.' नंदूने मित्राची मिनतवारी करून आणून दिला होता. किती आनंदाने आणून दिला होता.

"हर्षद अंधेरीलाच आहे ना कामाला?" मुनाफने हळूच विचारलं. "ते सोशल मीडियावाले?"

नंदूने मान हलवली. मग तो चढण उतरून रिक्षा शोधू लागला.

*

हर्षद जेवत होता. नुकताच उठून अंघोळ करून बसला होता, केस ओले. सुगंधाने कोलंबी आणलीच नव्हती. तिने पिठलं केलं होतं आणि ती ओट्याला टेकून उभी होती.

"तो टेम्पोतला आवाज," नंदू म्हणाला. "तू केलास?"

नाही म्हणेल, असं नंदूला शेवटपर्यंत वाटत होतं.

हर्षदने घास गिळला. "तुम्हाला कुठे ऐकू आला? तो घाटकोपरला फिरवणार होते."

सुगंधाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला.

"बाबा, ऐका. एवढं काय त्यात? क्लायंटचं स्क्रिप्ट आलं होतं. आमच्याकडचे आवाज सगळे किंचाळणारे. बॉस म्हणाला, वेगळं काहीतरी हवं, घरातलं मोठं माणूस समजावतंय असं. माझ्याकडे तुमचं होतं. टाकून बघितलं. सगळे गप्पच झाले ऑफिसात. काय आवाज आहे म्हणाले, कुणाचा आहे?" तो किंचित हसला, आणि नंदूला दिसलं की मुलाला त्याचा अभिमान वाटत होता. खरोखरचा. "मी नाव नाही सांगितलं हां तुमचं. कुणाला कळणार पण नाही."

"तुझ्या आईला कळलं. बाजारात, कोळणीपुढे. खालाला कळलं."

"कोण खाला?"

नंदूने मुलाकडे बघितलं. बारा वर्षं आपण ज्या घरी चहा पितो तिथल्या माणसांची नावं आपल्या मुलाला माहीत नाहीत.

"तू ऐकलंस का ते काय बोललाय?" त्याने विचारलं.

"बाबा, शब्द माझे नाहीत. तुमचेही नाहीत. तुम्ही बलात्कार करणाऱ्या गुंडाचे संवाद म्हटलेत ना? मी लहान होतो तेव्हा टीव्हीवर ऐकलेत मी. ते काम होतं. हे पण काम आहे."

नंदू मुलाच्या समोर बसला. फरक आहे हे त्याला माहीत होतं, अगदी हाडापर्यंत माहीत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. सगळं आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलण्यात गेलेला माणूस तो.

बोलली सुगंधा. "त्या गुंडाक बघून कोणी खरा मानूक नाय," ती म्हणाली. रागावली की तिची मालवणी वर यायची. "ह्यांचा आवाज ऐकून मीच खरा मानलंय. मी! ह्यांची बायको! माका वाटला ह्यांनीच सांगितला." मग ती मुलासमोरून ताट उचलून घेऊन गेली. अर्धं जेवण त्यात तसंच होतं.

हर्षदने बॉसला फोन लावला. गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला होता. "काढता येणार नाही म्हणतोय. सगळ्या ग्रुपवर गेलंय. आता ते कुणाच्याच हातात नाही."

*

सोमवारी मुनाफचा फोन आला. भांडुपला एका बांगडीवाल्याची हातगाडी उलटवली होती. काही पोरांनी त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. त्याचा हात मोडला. पोरं तेच भाषण फोनवर मोठ्याने वाजवत आली होती म्हणे.

"म्हणजे ते वाजत असताना..." नंदू म्हणाला.

"हो."

नंदू मोरीत जाऊन उभा राहिला आणि बाहेर आलाच नाही. शेवटी सुगंधाने दार ठोठावलं. "चला," ती म्हणाली. "चौकीत जायचंय." तिने साडी बदलली होती.

तक्रार घ्यायला एक बाई फौजदार होत्या, तरुण, नीट ऐकून घेणाऱ्या. नंदूने सगळं सांगितलं. हा आपला आवाज आहे, पण आपण हे बोललो नाही, कुणीतरी बनवलंय. बाईंनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "कुणावर संशय?"

नंदूने येताना रिक्षात उत्तर तयार केलं होतं. अज्ञात व्यक्ती. तो शब्द त्याच्या ओठांवर होता.

"संशय नाही, मॅडम," सुगंधा म्हणाली. "माहीत आहे. हर्षद नंदकुमार घाडी. आमचा मुलगा."

नंदूने तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारातली बायको, हिंगाच्या डबीचं झाकण लागत नाही म्हणून दिवसभर चिडचिडणारी, ही कोण बसली आहे शेजारी? ती समोर बघत होती. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

"वहिनी, विचार करा," फौजदारबाई हळूच म्हणाल्या. "एकदा लिहिलं की लिहिलं."

"लिहा," सुगंधा म्हणाली. "तो कुठं काम करतो ते पण सांगते. त्याने एकट्याने नाही केलेलं."

हर्षदला त्याच दिवशी बोलावलं. लॅपटॉप आणि फोन काढून घेतले, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि बोलावू तेव्हा यायचं सांगून सोडलं. त्याच्या ऑफिसने हात झटकले. आम्हाला माहीत नव्हतं, त्याने परस्पर केलं, असं सांगितलं. घरी येऊन त्याने बॅग भरली. मुलुंडला मित्राकडे जातो म्हणाला. दारात थांबून आईला म्हणाला, "तू माझं नाव घेतलंस."

"मीच ठेवलेलं ते," सुगंधा म्हणाली. तो गेल्यावर ती कितीतरी वेळ दाराकडे बघत उभी होती.

टेम्पो बंद झाले. फोनवरचं भाषण फिरतच राहिलं. बिल्डिंगमध्ये कुणी नंदूशी बोलेनासं झालं, पण त्यामागची कारणं निरनिराळी होती. हात हातात घेऊन अभिनंदन करणारे गृहस्थ आता वाटेत दिसले की भिंतीकडे तोंड करून उभे राहत. 'स्वतःच्या पोराला पोलिसात दिलं' हे एक कारण मात्र सगळ्यांचं सारखं होतं.

*

मालिकेचा शेवटचा भाग रेकॉर्ड व्हायचा राहिला होता. हरलेल्या दाराला मळक्या हत्तिणीवर बसवून दिल्लीत फिरवतात, ज्या रस्त्यांवरून तो शहजादा म्हणून गेला त्याच रस्त्यांवरून. लोक दुतर्फा उभे राहून रडतात. एक फकीर ओरडतो, तू मालक होतास तेव्हा मला काही ना काही देत होतास, आज तुझ्याकडे काय आहे? दारा अंगावरची शाल काढून त्याच्याकडे टाकतो.

नंदू माइकसमोर उभा राहिला. पडद्यावर हत्तीण चालत होती. त्याने तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द खाली उतरला, हळूच, मायेने, आणि त्याला भोंगे ऐकू आले. तो मागे सरला, जणू माइकनेच त्याला मारलं. गंधालीने दिवे लावले.

"काका, आज राहू दे का?"

"नाही. थांब." तो भिंतीकडे वळून उभा राहिला. मग परत आला. या वेळी आवाज खरखरीत लागला, मध्येच तुटला. गोडवा कुठेच नव्हता. गंधाली मुनाफकडे बघत राहिली. मुनाफ म्हणाला, "हेच ठेव. नि मी श्वास कापणार नाही."

घरी जाताना लिंक रोडवर सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मुनाफ मान न वळवता म्हणाला, "अम्माला सांगितलं मी. वहिनींनी काय केलं ते. ती काल जेवली नाही."

"का?"

"बोलत नाही ती. तिलाच माहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदूच्या घराची बेल वाजली. सुगंधाने दार उघडलं. बाहेर खाला उभी होती, दोन जिने चढून धापा टाकत, मागे मुनाफ. सुगंधाने तिला कधी बघितलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. नंदू आतून बघत राहिला. आभार मानायला आली असेल, त्याला वाटलं. किंवा आणखी काही सुनवायला.

"तू सुगंधा?" खालाने विचारलं.

"हो."

"असा कोण करता गो?" खाला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. नंदूने तो असा कधी ऐकला नव्हता. "पोटच्या पोराला पोलिसात? मी दार लावलं ते रागानं लावलं. चार दिवसांनी राग उतरला असता, मी उघडलं असतं. पोलिसात गेलेलं नाव कसं उतरायचं? मला विचारलंस? मला येऊन भेटलीस?"

"अम्मा," मुनाफ म्हणाला.

"तू गप्प रे!"

सुगंधा दाराची चौकट धरून उभी होती. "त्या बांगडीवाल्याचा हात मोडला," ती म्हणाली.

"माहिताय मला. त्याची आई पण असेल कुठंतरी. तिला पण झोप नसेल." खालाचा श्वास अजून बसला नव्हता. "पण तुला तरी लागतेय का झोप?"

तेव्हा सुगंधा रडली. चौकीत रडली नव्हती, मुलगा बॅग घेऊन गेला तेव्हाही नाही. आता ती दारातच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. खाला गुडघे धरत, कण्हत तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. तिने सुगंधाला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. नुसती बसली. खालच्या मजल्यावरची एक बाई वर डोकावून गेली.

बऱ्याच वेळाने खालाने विचारलं, "कुठाय तो?"

"मुलुंडला."

"त्याला घेऊन ये माझ्याकडे. तू आण. ह्यानं नको." तिने नंदूकडे बघितलंही नाही. "मला त्याला बघायचाय. कसा दिसतो ते बघायचाय. नि चार शब्द ऐकवायचेत, ते पोलिसांना नाही येणार ऐकवायला."

"तो नाही यायचा," सुगंधा म्हणाली.

"मग आपण जाऊ."

नंदू पुढे झाला. एवढ्या दिवसांत मनात साठलेलं सगळं त्याला बोलायचं होतं. "खाला," तो म्हणाला, "मी खरंच..."

खालाने हात वर केला. तिचे डोळे क्षणभर मिटले, अंगावर काहीतरी पडल्यासारखे.

"तू बोलू नको," ती म्हणाली. शेवटचा शब्द खाली गेला, नेहमीसारखा. "तू काही केलं नाहीस, माहिताय मला. मुनाफनं समजावलंन. पण अजून मला तुझा आवाज सोसत नाही, बाबा. जरा दिवस जाऊ दे."

नंदूने मान हलवली. तो आत गेला, गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर उंबऱ्यावर सुगंधा नाक पुसत मुलुंडच्या त्या बिल्डिंगचा पत्ता सांगत होती आणि मुनाफ रिक्षा कुठून मिळेल ते विचारत होता. नंदूने चार कप काढले आणि एक शब्दही न बोलता तो पाणी उकळायची वाट बघत उभा राहिला.